नाव तिचं, कागद कुठला?

प्रश्न : शाळेत दरवर्षी ८ मार्चला प्रेरणादायी स्त्रियांवर कार्यक्रम होतो. मुली तीच ती भाषणं पाठ करून म्हणतात. यंदा वेगळं काय करता येईल? (शिक्षिका, गंगाखेड तालुका)

उत्तर : भाषणं दोनच ठेवा, प्रत्येकी तीन मिनिटांची. एक जनाबाईंवर, त्या तुमच्या गंगाखेडच्याच. दुसरं हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या, जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांच्यावर. उरलेला वेळ गावातल्या चौघींना द्या : रोज एसटीने तालुक्याला शिकायला जाणारी मुलगी, बचत गटाचं दप्तर सांभाळणारी पस्तिशीची सचिव, पन्नाशीची अंगणवाडी सेविका आणि १९७२च्या दुष्काळी कामावर खडी फोडलेली आजी. चारपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकीला पंधरा मिनिटं धरली तरी तास जातो आणि लेकरं चुळबुळ करू लागतात.

चौघींची मुलाखत मुलींनीच घ्यावी. दोघी-दोघींची जोडी आदल्या दिवशी वही घेऊन घरी जाईल, पाच प्रश्न ठरवून येईल. ‘तुमचा संदेश काय?’ हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्यावर बाई पदर सावरते आणि गप्प बसते. ‘खडी फोडायची हजेरी म्हणजे रोजची मजुरी किती मिळायची? दुष्काळात खायला मिळणारी सुकडी कशी लागायची? गटातून पहिलं कर्ज किती आणि कशासाठी उचललं? हप्ता थकला तेव्हा काय केलं?’ असं विचारलं की बोलणं आपोआप सुरू होतं. खुर्च्या स्टेजवर न मांडता मुलींच्या मधोमध मांडा. आजीच्या हातात माईक देऊ नका, ती तो मांडीवर ठेवते. शेजारच्या मुलीने तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा.

कार्यक्रम हमखास बिघडतो तो सत्कारात. शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं मनोगत, यात अर्धा तास जातो आणि आजीच्या वाट्याला पाच मिनिटं उरतात. सत्कार शेवटी घ्या, नाहीतर घेऊच नका. पत्रिकेवर ‘बाळूची आई’ किंवा ‘अमक्यांच्या सुविद्य पत्नी’ छापू नका. तिचं स्वतःचं नाव विचारून घ्या आणि ते आधी छापा.

प्रश्न : आठवीत लग्न झालं. आता वय ३४. दहावी करायची आहे. जमेल का? (औसा)

उत्तर : जमेल, ताई. तुमच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली की दहावीला बाहेरून बसता येतं. वरच्या वयाला मर्यादा नाही. अर्ज ऑनलाइन भरतात. तारखा मंडळ जाहीर करतं, त्यावर लक्ष ठेवा. तुमचं विभागीय मंडळ लातूरचं.

खरी अडचण फॉर्मची नसते, दाखल्याची असते. शेवटच्या शाळेचा मूळ दाखला लागतो. वीस वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर शाळेला कपाटातून शोधावं लागतं, म्हणून शाळा उघडताच जूनमध्ये जा. दाखला हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. दुसरा घोळ नावाचा. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्मवर दाखल्यातलंच नाव भरा, अक्षर न अक्षर तसंच.

संपर्क केंद्र म्हणून घराजवळची शाळा निवडा. लेखी पेपर ८० गुणांचा असतो (गणित आणि विज्ञानाचे ४०-४०चे दोन भाग), उरलेले २० तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे. हे २० गुण त्या शाळेतूनच मिळतात आणि बाहेरून बसणाऱ्या बाया नेमक्या तिथेच जात नाहीत. गणिताची धास्ती असेल तर भाग १ मधल्या ‘अर्थनियोजन’पासून सुरुवात करा. त्यात जीएसटी, गुंतवणूक असा हिशेब आहे. गटाचं खातं लिहिणाऱ्या बाईला तो परका वाटत नाही. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. एखाद्या विषयात राहिलातच, तर पुरवणी परीक्षेत तेवढाच विषय द्यायचा.

प्रश्न : मुलगी झाली. सरकारच्या ‘लेक लाडकी’ योजनेचे पैसे एकदम मिळतात का? (परतूर)

उत्तर : नाही, टप्प्याटप्प्याने मिळतात : जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. जन्म १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतरचा हवा, रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्या.

प्रश्न : वडील वारले. सातबारावर भावांची नावं लागली, आईचं मात्र कुठेतरी कोपऱ्यात आहे. चालतं का? (केज)

उत्तर : चालवून घेतात, पण चालवून घेऊ नका. सातबारा हातात धरा. ‘भोगवटादाराचे नाव’ या रकान्यात भाऊ दिसतील आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात ‘विधवा’ म्हणून आई. म्हणजे कागदावर जमीन मुलांची आणि आई नुसती हक्क सांगणारी. हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या वाट्याला विधवा, मुलगे आणि मुली सारख्या हिश्श्याने वारस आहेत. २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनच धरतात. म्हणजे आईबरोबर तुम्हीही त्यात आहात, हे विसरू नका.

मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांच्या नावांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदत नाहीत. फेरफार (सातबारावर नाव बदलण्याची नोंद) धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जुन्या सातबारावर ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, तर ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं नाव. बाकीचे वारस त्या तीन अक्षरांमागे झाकलेले असतात.

बहिणींकडून स्टॅम्प पेपरवर ‘हक्क सोडला’ अशी सही घेतात, बहुधा दिवाळीला माहेरी आल्यावर. हक्कसोड नोंदणीकृतच लागते. साध्या सहीवर फेरफार होत नाही. सही आधीच झाली असेल तर त्या कागदाची प्रत मागून घ्या आणि दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेलाय का ते आधी पाहा.