मुलगा ड्रॅग करतो, टोप बनवतो. यात पोट भरेल का?

प्रश्न: आम्ही लंडनजवळ राहतो. मुलगा २१ वर्षांचा आहे. शनिवारी रात्री ड्रॅगचे, म्हणजे बाईच्या भडक वेशातले, कार्यक्रम करतो आणि आठवडाभर खोलीत विग घेऊन बसलेला असतो. यात त्याचं पोट भरेल का?

उत्तर: भरलं तर बहुधा टोपांवर भरेल. विगला आपल्या नाटकवाल्यांचा हाच शब्द आहे, टोप. क्लबचं मानधन त्या रात्रीपुरतं असतं आणि त्यातून पोशाख, मेकअप, टॅक्सी वजा होते. टोप मात्र इतर कलाकारांनाही लागतात, नाटकांनाही.

तो कोणत्या व्हिसावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात आधी तेच बघायला हवं. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही आणि मनोरंजन कलाकार म्हणून कामही करता येत नाही. म्हणजे एका रात्रीचं मानधन नाही आणि ऑनलाइन टोप विकणंही नाही. व्हिसा रद्द होऊ शकतो. नागरिक असेल किंवा कायम वास्तव्याची परवानगी असेल तर ही अडचण नाही. अशा धंद्यातली जमा करवर्षात १,००० पौंडांवर गेली की करासाठी नोंदणी करावी लागते. करवर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी, ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन रिटर्न.

आता हाताचं काम. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप विगकॅप (टोपाखाली घालायची घट्ट टोपी) घातल्यावर घ्यायचं, नुसत्या केसांवर नाही. बहुतेकांचं ५४ ते ५८ सेंटिमीटर भरतं. त्याच मापाच्या कॅनव्हासच्या डोक्यावर टोप टी-पिनांनी बसवायचा. टोपाच्या कपाळाकडच्या कडेची जाळी फार ताणली की पिनेची भोकं मोठी होतात आणि कपाळावर दिसतात. उंच केशरचनेला एकाच टोपाचे केस पुरत नाहीत. दुसऱ्या टोपाच्या केसांच्या पट्ट्या उसवून त्या पहिल्यावर शिवतात. आपलं गंगावन जोडण्यासारखंच हे काम.

कुरळेपणा वाफेने बसतो. साध्या सिंथेटिक केसाला गरम इस्त्री लागली की तो चुरगळतो, वितळतो आणि पुन्हा सरळ होत नाही. रोलर लावून वाफ द्यायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं, शक्यतो रात्रभर. धागा आकार धरतो तो थंड होताना. कोमट असतानाच रोलर काढले तर कार्यक्रमाच्या आधीच वळण सुटतं. नवशिक्यांचे टोप बहुतेकदा इथेच बिघडतात.

जाळी सरळ रेषेत कापली तर कपाळावर रेघ उठते, म्हणून नागमोडी कापतात. डिंक लावण्याआधी कपाळाचं तेल पुसायचं, नाहीतर घामाने कडा सुटतात. नवा डिंक २४ तास आधी कानामागे लावून बघायचा. उतरवताना डिंक सोडवणारा रिमूव्हर लावून थांबायचं. ओढलं की जाळीत केस बांधलेल्या गाठी निघतात, कधी कातडीही सोलते.

मोठ्या टोपाला सात-आठ तास सहज जातात. त्याला विचारा, ‘या आठ तासांचे किती लावलेस?’ बरीच मुलं फक्त सामानाचे पैसे घेतात आणि वर्षभरात थकून जातात. सामान अधिक तासांचा दर, आणि निम्मे पैसे आगाऊ. रीतसर शिकायचं असेल तर लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये रंगभूमीसाठीच्या केशभूषा आणि मेकअपची पदवी आहे. वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या मोठ्या नाटकांना टोपांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे पगार नियमित मिळतो, आणि हात चांगला असलेल्या मुलाने तिथे जरूर प्रयत्न करावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुण्याच्या आजीला कसं सांगायचं, हीही काळजी असेल. आजीला बालगंधर्व ठाऊक आहेत, तिथून बोलणं सोपं जातं. मात्र दोन्ही एकच आहे असं सांगू नका. गंधर्व रंगमंचावर खरोखर स्त्री वाटत. ड्रॅगमध्ये बाईपण मुद्दाम फुगवून, भडक करून दाखवतात. आणि एखादा मुलगा ड्रॅग करतो एवढ्यावरून त्याची लैंगिकता ठरत नाही. ते त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. तोवर त्याचे फोटो त्याला विचारल्याशिवाय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यालाच ठरवू द्या.