हृदय कमजोर असताना बीटा ब्लॉकर का देतात?

बाबांच्या इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलं आणि डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू केलं. ठोक्याचा जोर कमी करणारी गोळी थकलेल्या हृदयाला कशी चालेल, ही तुमची शंका रास्त आहे. पूर्वी डॉक्टरही हेच म्हणत. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला वागस्टाइन यांनी अशा मोजक्या रुग्णांना बीटा ब्लॉकर दिलं, तेव्हा फार थोड्यांना ते पटलं.

ॲड्रेनलिन, म्हणजे हृदयाला जोर लावायला सांगणारं हार्मोन, हृदयाच्या पेशीत शिरत नाही. ते बाहेरूनच बीटा रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. मग आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम कामाला लागतं आणि पेशीत जास्त कॅल्शियम येतं. आकुंचनाचा जोर या कॅल्शियमचाच. मी वर्गात शिकवताना सर्वांत जास्त रेंगाळते ती मात्र फॉस्फोलॅम्बनवर. हे प्रथिन एरवी कॅल्शियम परत पेशीतल्या कोठारात भरणाऱ्या पंपाला आवरून धरतं. कायनेजने त्याला फॉस्फेट जोडलं की ही पकड सुटते. कॅल्शियम भराभर परततं, स्नायू लवकर सैल होतो आणि पुढच्या ठोक्यासाठी कोठार भरलेलं राहतं. जिना चढताना ठोके वाढले तरी हृदयात रक्त भरायला सवड मिळते, त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता बाबांचं हृदय. ते कमी पडतंय म्हणून शरीर सतत नॉरॲड्रेनलिन, म्हणजे ॲड्रेनलिनचंच भावंड, सोडत राहतं. सुरुवातीला निभावतं, पण महिनोन्महिने हा मारा चालला की पेशी आपले रिसेप्टर कमी करतात. १९८२ मध्ये ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली निकामी हृदयं तपासली, त्यांत बीटा रिसेप्टर जवळपास निम्मेच उरले होते. कमी होतात ते मुख्यतः बीटा-१ या प्रकारचे. शिवाय त्या माऱ्याने पेशी मरतात, हृदय फुगत जातं. मेटोप्रोलॉल रिसेप्टरवर बसून हा मारा अडवतं. म्हणून आधी जोर किंचित कमी होतो, आणि काही महिन्यांनी बहुतेकांचं पंपिंग सुधारतं. १९९९ च्या मेरिट-एचएफ या औषध-चाचणीत हृदय कमजोर असलेले जवळपास ४,००० रुग्ण होते. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

डोस अगदी छोटा सुरू करून दर दोन आठवड्यांनी वाढवतात, तो आधी जोर कमी होतो म्हणूनच. सुरुवातीला बाबांना थकवा जाणवेल. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र आपल्या मनाने एकदम थांबवू नका.