लिफ्टमधल्या बाईला कोण निवडतं?

अमेरिकेच्या अध्यक्षाबद्दल विचारणारी पत्रं नेहमीच येतात. या खेपेला मात्र माझ्या राज्याबद्दल, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाबद्दल पाच पत्रं आली. सत्तावीस वर्षं मी इथे राहते आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर कामही करते, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी नॉर्थ कॅरोलिनात केरी इथे असते. नागरिकत्व मिळाल्यावर २०२४ मध्ये तिने पहिल्यांदा मत दिलं आणि मला नमुना मतपत्रिका पाठवली. अध्यक्षपदाचं समजलं. पण खाली कृषी आयुक्त, विमा आयुक्त, कामगार आयुक्त! आमच्याकडे आयुक्त बदली होऊन येतात, निवडून नव्हे. मग तिथले राज्यपाल करतात तरी काय? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी राज्यपाल हा शब्द डोक्यातून काढून टाका. आपले राज्यपाल दिल्लीहून येतात. इथला गव्हर्नर म्हणजे थेट जनतेने निवडलेला मुख्यमंत्री. पण त्याच्याबरोबर आणखी नऊ जण राज्यभरातून तसेच थेट निवडून येतात : लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे उपगव्हर्नर, ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याचा मुख्य वकील, कंपन्यांची नोंदणी वगैरे बघणारा सेक्रेटरी ऑफ स्टेट, ऑडिटर, खजिनदार, शाळांचा अधीक्षक आणि तुमचे ते तीन आयुक्त. सगळ्यांची मुदत चार वर्षं. या दहा जणांना मिळून कौन्सिल ऑफ स्टेट म्हणतात. आरोग्य, वाहतूक अशा काही खात्यांचे सचिव गव्हर्नर नेमतो, पण या नऊ जणांना तो नेमत नाही आणि काढूही शकत नाही. 'नाराज मंत्र्याचं खातं काढून घेतलं' ही बातमी इथे होत नाही, कारण खातं दिलेलं असतं मतदारांनी.

माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली, तेव्हा मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. लिफ्टमध्ये तपासणीचा दाखला लावलेला होता आणि त्यावर हसऱ्या चेहऱ्याच्या एका बाईंचा फोटो. पुढच्या आठवड्यात बँकेच्या इमारतीत गेलो, तर लिफ्टमध्ये त्याच बाई. आईने मला हळूच विचारलं, "एवढ्या बिल्डिंगा हिच्या एकटीच्या?" त्या होत्या कामगार आयुक्त चेरी बेरी. २००१ ते २०२१, अशी वीस वर्षं त्या पदावर होत्या. लिफ्टची तपासणी हे त्या खात्याचं काम, म्हणून दाखल्यावर फोटो. गव्हर्नरचं नाव न सांगता येणारा माणूसही 'लिफ्टवाली बाई' म्हटलं की ओळखायचा. फुकटचा प्रचार म्हणून विरोधक चडफडायचे, आणि मला विचाराल तर त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्यानंतर फोटो बंद झाला. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ल्यूक फार्ली यांनी तर लिफ्टमधला फोटो परत आणण्याचं आश्वासनच प्रचारात दिलं होतं!

मुलीला एक सांगा. ऑक्टोबरात रॅलेला राज्याची मोठी जत्रा भरते. ती भरवतं कृषी खातं, पण तिथल्या आकाशपाळण्याची तपासणी करतं कामगार खातं. दोन्ही खात्यांचे प्रमुख तिच्याच मतपत्रिकेवर होते.

प्रश्न : गव्हर्नर एका पक्षाचा आणि त्याचा डेप्युटी दुसऱ्या पक्षाचा, असं तिथे खरंच होतं का? — एक निवृत्त प्राध्यापक, पुणे

उत्तर : होतं सर, आणि चांगलंच रंगतं. काही राज्यांत दोघांना जोडीने एकच मत असतं. आमच्याकडे दोन वेगळी मतं. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे रॉय कूपर पुन्हा गव्हर्नर झाले आणि रिपब्लिकन पक्षाचे मार्क रॉबिन्सन लेफ्टनंट गव्हर्नर. दोघांचा छत्तीसचा आकडा. त्यात आमच्या राज्यघटनेत एक कलम असं की गव्हर्नर राज्याबाहेर गेला की लेफ्टनंट गव्हर्नर हंगामी गव्हर्नर होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कूपर जपानला गेले, तेवढ्यात इकडे रॉबिन्सन यांनी हंगामी गव्हर्नर म्हणून इस्रायलला पाठिंबा देणारा आठवडा जाहीर करून टाकला. पुढच्या वर्षी कमला हॅरिस यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी कूपर यांचं नाव चर्चेत होतं. त्यांनी माघार घेतली आणि कारणांत हेही सांगितलं की मी प्रचाराला राज्याबाहेर पडलो की इथे रॉबिन्सन कारभार हातात घेऊ पाहतील. चार दिवस माहेरी जायचं तर घराची किल्ली कोणाकडे ठेवायची, तसलीच अडचण.

२०२४ मध्ये मतदारांनी आणखी मजा केली. अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना जिंकवलं आणि त्याच कागदावर गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना रॉबिन्सन यांच्यावर जवळपास पंधरा टक्के मतांच्या फरकाने निवडून दिलं. दहा पदांचा हिशेब पाच-पाच झाला. पूर्वी मतपत्रिकेवर एकच गोल रंगवून, अध्यक्षपद सोडून, सबंध पक्षाला मत देता यायचं. ती सोय २०१४ पासून गेली, आता प्रत्येक पदाचा गोल वेगळा रंगवावा लागतो.

प्रश्न : अमेरिका एवढी पुढारलेली, मग मतदान कागदावर का? आमच्याकडे ईव्हीएमवरून रोज वाद. तिकडे मशीन चालत नाही का? — द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या कृषी आयुक्ताच्याच निवडणुकीत आहे. २००४ साली या पदासाठी स्टीव्ह ट्रॉक्सलर आणि ब्रिट कॉब अशी लढत होती. लाखो मतं पडली आणि ट्रॉक्सलर पुढे होते फक्त २,२८७ मतांनी. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या कार्टरेट काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, बातमी आली की तिथलं ४,४३८ लोकांचं मतदान गायब आहे. मशीनची साठवण भरली होती, तरी ते मतं घेतच राहिलं. लोक बटण दाबून घरी गेले आणि मत कुठेच उतरलं नाही. कागद नव्हताच, मग फेरमोजणी कशाची करणार? हरवलेली मतं आघाडीच्या जवळपास दुप्पट. फेरमतदान घ्यायचं का, घ्यायचं तर फक्त त्या काउंटीत की राज्यभर, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी फेब्रुवारी २००५ मध्ये कॉब यांनी हार मानली. ट्रॉक्सलर तेव्हा खुर्चीत बसले ते बसलेच. २०२४ मध्येही तेच निवडून आले. आणि २००५ मध्येच राज्याने कायदा केला की मताला कागदाचा पुरावा हवा.

आमच्या केंद्रावर कसं चालतं ते सांगते. पहाटे सहाला हजर, साडेसहाला दार उघडायचं, संध्याकाळी साडेसातला बंद. ओळखपत्र बघून मतदाराच्या हातात जाड कागद द्यायचा, छपाई दोन्ही बाजूंना. तो पेनने गोल भरतो आणि स्वतःच्या हाताने कागद मोजणी यंत्रात सरकवतो. यंत्र कागद गिळतं आणि छोट्या पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो. कागद खालच्या पेटीत राहतो. रात्री यंत्रातून किराणा दुकानाच्या बिलासारखी लांबलचक पट्टी निघते, तिच्यावर सह्या होतात. माझे वडील वाईला शिक्षक होते. निवडणुकीच्या ड्यूटीवर जावळीच्या डोंगरात एस.टी.ने लोखंडी मतपेट्या नेल्याच्या गोष्टी सांगायचे. बोटाला चिकटलेली सीलची लाख दोन दिवस निघायची नाही म्हणायचे. पट्टीवर सही करताना मला दरवेळी ती लाख आठवते.

प्रश्न : मी तुमच्याच जवळ, मॉरिसव्हिलला राहतो. खरं सांगतो, पहिली दोन-तीन नावं सोडली तर बाकीचे उमेदवार मला ठाऊक नसतात. तो भाग कोरा ठेवला तर मत बाद होतं का? — एक संगणक अभियंता

उत्तर : बाद होत नाही. भरलेलं मोजतात, कोरं सोडून देतात. पण भाऊ, तुमच्या घराचा विमा किती वाढला ते बघितलंत का? जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या संघाने घरविम्याचे दर राज्यात सरासरी ४२.२ टक्क्यांनी वाढवून मागितले होते. विमा आयुक्त माइक कॉझी यांनी ते नाकारले. वर्षभर घासाघीस होऊन २०२५ मध्ये सरासरी ७.५ टक्के आणि २०२६ मध्ये आणखी ७.५ टक्के यावर तडजोड झाली. कॉझी माझ्या पक्षाचे नाहीत. तडजोड चांगली की वाईट, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण सही त्या खालच्या, तुम्ही कोऱ्या ठेवलेल्या रकान्यातल्या माणसाची होती.

खजिनदाराचंही तसंच. विसरलेली अनामत, न वटवलेले चेक असे बेवारस पैसे त्यांच्या कार्यालयात जमा असतात. मी सहज स्वतःचं नाव शोधलं, तर जुन्या भाड्याच्या घराची अनामत निघाली, त्रेसष्ट डॉलर. नवऱ्याच्या नावावर काही नव्हतं, ते वेगळंच समाधान.

पण खरी गोष्ट ऑडिटरची. हा सरकारी हिशेब तपासणारा माणूस. लग्नात वाढप्यांवर लक्ष ठेवणाऱ्या काकांसारखा, कोणी फारसं बघत नाही त्याच्याकडे. २०२४ ला डेव्ह बोलिक हे रिपब्लिकन ऑडिटर निवडून आले. नोव्हेंबरातच, नवे लोक शपथ घेण्याआधी, रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने हेलीन वादळाच्या मदतीच्या नावाखाली एक विधेयक आणलं. त्याच्या पोटात कलम होतं की राज्याचं निवडणूक मंडळ नेमण्याचा अधिकार गव्हर्नरकडून काढून ऑडिटरला द्यावा. कूपर यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने डिसेंबरात तो उलथवला. कोर्टात प्रकरण गेलं, खालच्या कोर्टाने कायदा अडवला, वरच्याने वाट मोकळी केली. मे २०२५ पासून मंडळ बोलिक नेमतात आणि पाचांतले तिघे त्यांच्या पक्षाचे. मत मागताना या पदाला तो अधिकार नव्हता, मत पडून गेल्यावर आला. निवडणुकांवरचं मंडळ हिशेबनीस नेमतो, असं दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. गव्हर्नरपद हातचं गेलं तर गव्हर्नरचे हात बांधा आणि आपला माणूस जिथे बसलाय तिथे अधिकार न्या, ही चाल मला अजिबात पटली नाही आणि ती डेमोक्रॅटांनी केली असती तरी पटली नसती.

या पदांची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये. त्याआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी असते, तिच्याकडे तर कोणीच फिरकत नाही. बोलिक यांची उमेदवारीसुद्धा मे २०२४ मधल्या दुसऱ्या फेरीत ठरली. तीस टक्क्यांच्या वर कोणी गेलं नाही तर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार अशी फेरी मागू शकतो. त्या दिवशी मी केंद्रावर सबंध शब्दकोडं सोडवलं.

प्रश्न : आमचे जावई तिथे फार लोकप्रिय आहेत, सध्या ग्रीन कार्डावर आहेत. जन्म डोंबिवलीचा, त्यामुळे अध्यक्ष होता येणार नाही हे माहीत आहे. गव्हर्नर तरी होता येईल का? — कौतुकाने विचारणारे सासरे, डोंबिवली

उत्तर : येईल की काका! जन्माने अमेरिकन असण्याची अट फक्त अध्यक्ष-उपाध्यक्षांना. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उभे होते. तिसरे आले, ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. पुढे २०२२ मध्ये ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. आमच्या राज्यात गव्हर्नरला वय तीस पूर्ण, पाच वर्षं नागरिकत्व आणि दोन वर्षं राज्यात वास्तव्य एवढंच लागतं. ग्रीन कार्डाची वर्षं मात्र त्या पाचांत धरत नाहीत, तेव्हा मोजणी अजून सुरूच झालेली नाही. मुलीला विचारलंत का पण?