पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं?

प्रश्न : दोन महिन्यांपासून क्लबच्या एअर पिस्तुलावर १० मीटर नेमबाजीचा सराव करते आहे. आता स्वतःचं घ्यायचंय. काय पाहू?

उत्तर : आधी मूठ पाहा, बाकी सगळं नंतर. नेमबाजीच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाने मिळते, डावखुऱ्यांसाठी वेगळी. पिस्तुलात छरा नसल्याची खात्री करून, डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचला आणि डोळे उघडा. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा) मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ तुमची. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर मनगट वळवून ती जुळवावी लागेल आणि चाळिसाव्या गोळीपर्यंत मनगट थकेल. मूठ थोडी मोठी असलेली चालते, कानशीने घासता येते.

प्रकार म्हणाल तर ४.५ मिमी छऱ्याचं, दाबहवेच्या नळकांड्याचं (सिलिंडरचं) घ्या. स्प्रिंगच्या पिस्तुलाला छरा नळीतून सुटण्याआधीच हिसका बसतो, त्यामुळे चूक हाताची की पिस्तुलाची, हेच कळत नाही.

ट्रिगरचा ताण, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम लागतो. त्याहून किंचित जास्तच ठेवा. पिस्तुलाच्या वजनाची मर्यादा १५०० ग्रॅम आहे, पण सुरुवातीला किलोच्या आतबाहेरचं बरं. जड पिस्तुलाने खांदा लवकर उतरतो.

वापरलेलं घेत असाल तर नळकांड्यावरची तारीख जरूर वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं नळकांडं भरू नका, ते जिवावर बेतू शकतं.