आजोबांचा वस्तरा आणि पहिली दाढी

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जर्मनीतल्या सोलिंगेनचा छाप असलेला वस्तरा सापडला. पात्यावर गंजाचे दोन-तीन ठिपके आहेत, पण बोट फिरवल्यावर धार जाणवते. याच वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचे आहे. की आधी सलूनमधल्यासारखा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरून पाहावा? – एक वाचक, सातारा

उत्तर : बोटाला जाणवणारी धार दाढीला पुरेलच असे नाही. बोथट पाते केसावर अडते, अडले की हात नकळत जोर देतो आणि जोर दिला की कातडी कापली जाते. म्हणून आहे त्या स्थितीत हा वस्तरा गालाला लावू नका. ठिपके पाठीकडे असतील तर ते केवळ दिसायला वाईट आहेत. मात्र धारेलगत असतील तर तेवढे पोलाद घासून काढावे लागते. कात्र्या-सुऱ्यांना चाकावर धार लावणाऱ्याकडे तो मुळीच देऊ नये, कारण चाकाच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरतो. वस्तरा सपाट, बारीक कणांच्या दगडावर पाण्याने निसतात, म्हणजे घासून धार लावतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली राहतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. पहिल्या खेपेला हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

चामड्याच्या पट्ट्यावर परजणे मात्र तुम्हालाच शिकावे लागेल आणि ते प्रत्येक दाढीच्या आधी करायचे असते. पट्टा ताणून धरावा, पाते सपाट टेकवावे, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून न दाबता चाळीस-पन्नास वेळा वर-खाली न्यावे. टोकाशी पोचल्यावर पाठ चामड्यावरून न उचलता पाते पाठीवरूनच उलटवायचे असते. मी शिकताना दुसऱ्याच दिवशी घाईने धारेवरून उलटवले आणि कोऱ्या पट्ट्याला बोटभर चीर पडली. तेव्हा सुरुवातीला वेग नको. न्हाव्याच्या हाताचा तो फटफट आवाज पुढे आपोआप येतो.

अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याला परजावे लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण तो वजनाला हलका आणि ब्लेड फार तीक्ष्ण, त्यामुळे कोन जरासा चुकला तरी लगेच चावतो. निसून देणारा कोणी मिळत नसेल तरच त्याच्यावर हात बसवावा, असे माझे मत आहे.

दाढी आंघोळीनंतर करावी, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ झालेले असतात. ब्रशने दाट फेस करावा. पहिली तीन बोटे पात्याच्या मागच्या दांडीवर, अंगठा खालून आणि करंगळी दांडीच्या टोकाच्या वळलेल्या शेपटीवर ठेवावी. दुसऱ्या हाताने कानाजवळची कातडी वर ताणून धरावी. खरे तर निम्मी दाढी या मोकळ्या हातानेच होते. पाते गालाशी साधारण 30 अंशांत ठेवून केसांच्या वाढीच्या दिशेने छोटे छोटे हात मारावेत. पाते आडवे सरकू देऊ नये, कारण सुरी कापते ती अशीच. हात बरोबर बसला की बारीक खरखर ऐकू येते. केस ओढल्यासारखे वाटले तर थांबून पुन्हा परजावे. बारीक कापले तर ओली तुरटी पुरते, मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि हा वस्तरा घरात दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नका. रक्तातून पसरणारे आजार अशाच वाटेने जातात.

झाल्यावर फक्त पाते धुवावे, मुठीच्या फटीत पाणी जाऊ देऊ नये, मऊ कापडाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलेला कार्बन पोलादाचा वस्तरा एका रात्रीतही गंज धरतो.

पहिला आठवडाभर फक्त गाल करावेत, तेही सरावाच्या हाताकडचा गाल आधी. गळ्याकडे त्यानंतर वळावे. हनुवटी आणि वरचा ओठ महिनाभर तरी नेहमीच्या रेझरकडेच राहू द्यावेत.