काचऱ्यांचा खरपूसपणा

प्रश्न : बटाट्याच्या काचऱ्या खरपूस आणि किंचित गोडसर व्हाव्यात म्हणून मी फोडणीतच गूळ घालते, परंतु गूळ तळाशी करपतो आणि काचऱ्या मऊच राहतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सांगलीसारख्या गुळाच्या पेठेत गुळाकडे हात जाणे स्वाभाविक आहे, पण तो शेवटी घालावा. काचऱ्यांत ओलावा असेपर्यंत त्यांचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग व चव साधारण १४० अंशांच्या पुढेच वेगाने तयार होते. तोवर तळाशी बसलेला गूळ जळून कडवट होतो. म्हणून काचऱ्या धुऊन वरचा स्टार्च काढावा, फडक्यावर अगदी कोरड्या कराव्यात आणि बिडाच्या पसरट तव्यावर, झाकण न ठेवता, एका थरात मध्यम आचेवर परताव्यात. गर्दी झाली की वाफ कोंडते आणि काचऱ्या भाजल्या न जाता नुसत्या शिजतात. माझ्या मते सगळे बिघडते ते इथेच. कडा तांबूस झाल्यावर मीठ आणि चिमूटभर किसलेला गूळ घालावा, आणि तो विरघळून चकाकी येताच गॅस बंद करावा. बटाटे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतील काही स्टार्चची साखर होते आणि असे बटाटे आतून शिजण्याआधीच काळपट पडतात.