निर्दोष मुक्तता म्हणजे माणूस खरंच निर्दोष असतो का?

तुमचा प्रश्न असा, की बहिणीसाठी आलेल्या स्थळातल्या मुलाची अपहाराच्या केसमधून निर्दोष मुक्तता झालीय, पण निकालात 'संशयाचा फायदा' असं लिहिलंय, तर त्याला निर्दोष मानायचं का?

मानायचं. हा प्रश्न आमच्या घरात आठ वर्षं आणि त्यानंतरही चघळला गेलाय, म्हणून लिहितेय.

माझे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. २००९ मध्ये स्टोअरमधली तांब्याची तार कमी भरली आणि मालकांनी बाबांवर फिर्याद दिली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०८, म्हणजे नोकराने केलेला अपहार, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दोन रात्री कोठडी, मग जामीन, मग कोर्टनाक्याच्या तारखा. प्रत्येक तारखेला बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचे. कधी साक्षीदार नाही, कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी तपास अधिकाऱ्याची बदली. पुकारा झाला की उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन टीएमटीच्या बसने घरी यायचं. नोकरी गेली होतीच. आई शिलाईवर घर चालवत होती.

२०१६ मध्ये तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी झाली. स्टोअरला दोन किल्ल्या होत्या, दुसरी कोणाकडे होती हे तपासलंच नव्हतं. ज्या दिवशी माल बाहेर गेला म्हणत होते, त्या दिवशी हजेरीच्या मस्टरवर बाबांची रजा होती. ते मस्टर पोलिसांनी जप्त केलं होतं, पण उघडून पाहिलं नव्हतं. २०१७ मध्ये निकाल लागला. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडण्यात येत आहे.

बाबांनी वकिलांना विचारलं, "साहेब, मी चोर नाही असं लिहिलंय का कुठे?" वकील म्हणाले, "काका, तसं लिहायला कायद्यात जागाच नाही."

हे खरं आहे. आरोपी निर्दोष आहे असं धरूनच कोर्ट सुरुवात करतं आणि गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. ती पेलली नाही, तर माणूस केस व्हायच्या आधी जिथे होता तिथेच राहतो. निर्दोषपणाचं वेगळं प्रमाणपत्र कोर्ट देत नाही. 'सन्मानपूर्वक निर्दोष' हे शब्द तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या एका निकालात म्हटलं आहे. पुरावा पूर्ण तपासून सरकारी पक्ष सपशेल अपयशी ठरला असेल तर तसं म्हणता येईल, एवढंच त्या निकालात आहे.

आमच्या थोरल्या काकांना हे कधीच पटलं नाही. निकालाच्या वेळी बाबांना सहा महिन्यांचा जामीन द्यावा लागला, कारण सरकार अपील करू शकतं आणि तेव्हा वरच्या कोर्टात हजर राहावं लागतं. तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. काका मात्र माझ्या साखरपुड्यात, चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "सुटलाय रे, पण निर्दोष असता तर जामीन कशाला मागितला असता?" बाबा ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घास त्यांनी घेतला नाही. काकांनी निकालाचं एक पानही वाचलं नव्हतं. मी तेव्हा गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

काका, संशय बाबांच्या चारित्र्यावर नव्हता, पोलिसांच्या तपासावर होता. फायदा म्हणजे बाबांच्या पदरात टाकलेली भीक नव्हे, तो त्यांचा हक्क होता.

आता त्या स्थळातल्या मुलाबद्दल. सगळ्या मुक्तता सारख्या नसतात, हे मलाही मान्य आहे. पंच, साक्षीदार फितूर होतात. तडजोड झाली म्हणून फिर्यादी साक्षीत 'आठवत नाही' म्हणतो. मारहाणीची किंवा बाईला छळल्याची केस असती, तर मीही शंभर वेळा विचार केला असता. शिवाय मुलगा सरकारी नोकरीच्या प्रयत्नात असेल, तर फॉर्ममध्ये केस लपवू नये, मुक्तता झाली असली तरी. चारित्र्य पडताळणीत लपवणंच अंगाशी येतं.

म्हणून निकालाची खरी, म्हणजे कोर्टाने प्रमाणित केलेली, नक्कल मागा. शेवटचा परिच्छेद सोडा, मधली पानं वाचा. साक्षीदार काय बोलले, उलटतपासणीत काय निघालं, सगळं तिथे असतं. पुढे अपील झालंय का तेही विचारा. मुलाने नक्कल आपणहून पुढे केली, तर बहिणीलाही ती वाचायला द्या. लग्न तिचं आहे. स्थळाला हो म्हणावं की नाही, हे मी कोण सांगणार? फक्त ती पानं वाचायच्या आधी त्या घरात जामिनाचा विषय काढू नका.